पिवळा त्रिकोण

2016 सालच्या मे महिन्यात एका फुलीचा अर्थ बदलला. विंडोज 7 आणि 8.1 वापरणाऱ्यांनी वर्षभराच्या आत घेतलं तर विंडोज 10 फुकट मिळेल, अशी योजना मायक्रोसॉफ्टने आदल्या जुलैत सुरू केली होती. मुदत संपत आली तशी तिची आठवण करून देणारी चौकट पडद्यावर पुन्हा पुन्हा उघडू लागली. चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीची फुली होती. संगणकासमोर पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला जे चार-दोन धडे मिळतात त्यांत हा एक असतो, की नको असेल तर फुलीवर दाबायचं. इथे मात्र फुली दाबली की चौकट तेवढी जायची. आत ठरवून ठेवलेली तारीख आणि वेळ तशीच राहायची, आणि ती वेळ आली की जुनी प्रणाली जाऊन नवी बसायला आपोआप सुरुवात व्हायची. नकार देणारा माणूस प्रत्यक्षात होकार देऊन उठायचा. बरीच ओरड झाल्यावर जूनच्या अखेरीस कंपनीने फुलीला तिचा जुना अर्थ परत दिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका बाईंची बातमी आली. त्यांच्या व्यवसायाचा संगणक अशाच न मागितलेल्या बदलानंतर धड चालेनासा झाला होता. त्यांनी दावा लावला, 10,000 डॉलर मिळवले, आणि कंपनीने अपील सोडून दिलं.

त्या बाईंना पैसे मिळाले याचं समाधान आहे. पण मला त्या प्रकरणातली फुलीच जास्त छळते. कारण ती फुली त्या जाहिरातीच्या मालकीची नव्हतीच. वर्षानुवर्षं कोट्यवधी लोकांच्या बोटांनी तिच्यावर विश्वास साठवला होता, आणि एका मोहिमेसाठी तो खर्च झाला.

जाहिरातींचा मला सरसकट तिटकारा नाही. मराठी वाचकाला तो परवडणारही नाही. आपला दिवाळी अंक जाहिरातींच्या आधाराने निघतो. कथेच्या समोरच्या पानावर बँकेची किंवा पैठणीच्या दुकानाची जाहिरात आली म्हणून कथेचं काही बिघडत नाही. हे पान लेखकाचं आणि ते दुकानदाराचं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. ऑपरेटिंग सिस्टीम ही वाचायची किंवा बघायची वस्तू नाही. बाकी सगळं तिच्या आधारावर चालतं. बॅटरी संपत आली आहे, डिस्क भरली आहे, ही फाइल उघडू नका, हे सगळं तीच आपल्याला सांगते. ही वाक्यं कोण बोलतं, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. यंत्र स्वतःबद्दल बोलतं आहे असं आपण धरून चालतो आणि तसं वागतो. लेखनाची फाइल शोधायला गेलेला हात वाटेत थांबवून तिथे विक्रेता बोलायला लागतो, तेव्हा तो यंत्राच्याच आवाजात बोलतो. त्याला स्वतःचा वेगळा आवाज नसतो, आणि असावा अशी त्याची इच्छाही नसते.

हे एका रात्रीत झालेलं नाही. मे 1990 मध्ये विंडोज 3.0 आलं, त्यात पत्त्यांचा खेळ होता. सॉलिटेअर. तो वेस चेरी नावाच्या एका प्रशिक्षणार्थी मुलाने लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली होती. मॅकिन्टॉशवरची मूळची चिन्हं काढणाऱ्या त्याच या चित्रकार. खेळामागे एक शिकवणीही होती: पत्ता उचलायचा, बोट न सोडता सरकवायचा, योग्य जागी ठेवायचा. माऊस नावाची नवी वस्तू लोकांच्या हातात बसवण्याची ती रीत होती. महाराष्ट्रातल्या संगणकवर्गांत, पुढे एमएस-सीआयटीच्या तुकड्यांतही, किती जणांच्या मनगटाला वळण या लाल-काळ्या पत्त्यांनी लावलं असेल! टायपिंगची परीक्षा देऊन नोकरीला लागलेली, पन्नाशीला आलेली कारकून मंडळी माऊसला घाबरायची, आणि दुपारच्या सुटीत राजाखाली राणी लावता लावता ती भीती जायची. खेळ काहीही मागत नव्हता. नाव विचारत नव्हता, इंटरनेट मागत नव्हता, डाव संपला की पत्त्यांची कारंजी उडवायचा आणि गप्प बसायचा.

2012 च्या विंडोज 8 मध्ये तो जुना खेळ राहिला नाही. त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्यायचा नवा संच आला, आणि विंडोज 10 मध्ये तोच आधीपासून बसवून मिळू लागला. दोन डावांच्या मध्ये त्यात जाहिरातीची चित्रफीत लागते. ती नको असेल तर वर्गणी भरायची. सुरुवातीला ती महिन्याला दीड डॉलरच्या आसपास होती, वर्षाला 9.99. पंचवीस वर्षं फुकट असलेला डाव शांतपणे खेळायचा तर आता भाडं भरायचं. कुणी म्हणेल, साधा पत्त्यांचा खेळ तो, त्याचं इतकं काय! पण पुढे जे जे झालं त्याची रीत इथेच पहिल्यांदा स्पष्ट दिसते. आधी सवय होऊ द्यायची, मग त्या सवयीच्या वाटेवर नाका बसवायचा.

त्यानंतरची यादी लांब आहे, मी भराभर सांगते. स्टार्ट मेन्यूत कॅंडी क्रश हा खेळ न मागता येऊन बसला, व्यावसायिक आवृत्तीतही. 2016 च्या फेब्रुवारीत लॉक स्क्रीनवर निसर्गचित्राऐवजी एका नव्या व्हिडिओ गेमचं चित्र आलं. 2017 मध्ये फाइल एक्सप्लोररच्या माथ्यावर, म्हणजे आपल्याच फायलींच्या यादीवर, वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची वर्गणी घेण्याचं आवाहन झळकलं. 2022 मध्ये तिथेच पुन्हा जाहिराती दिसल्या. तो प्रयोग चुकून बाहेर गेला, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल 2024 मध्ये विंडोज 11 च्या स्टार्ट मेन्यूत ‘शिफारसी’ या सदराखाली दुकानातल्या अ‍ॅपची जाहिरात सुरू झाली, तीही सगळ्यांसाठी. अमेरिकेत विंडोज 11 ची घरगुती प्रत सुटी घेतली तर 139 डॉलर पडतात. हे पैसे मोजून झाल्यावरही जागा विकली जाते. कारण सरळ आहे. पूर्वी काही वर्षांनी नवी आवृत्ती निघायची, लोक ती विकत घ्यायचे. आता आवृत्ती फुकट बदलून मिळते आणि कमाई साठवणीच्या, ऑफिसच्या, शोधयंत्राच्या वर्गणीतून आणि वापरातून व्हावी अशी अपेक्षा असते. म्हणजे प्रत्येक संगणक हा रोज उघडणारा विक्रीचा गाळा झाला.

तरीही खेळाची जाहिरात मी एक वेळ सोडून देईन. ती जाहिरात आहे हे निदान कळतं. मला खरी काळजी वाटते ती पिवळ्या त्रिकोणाची.

विंडोजमध्ये सुरक्षेची एक खिडकी आहे. विषाणू आहे का, तटबंदी चालू आहे का, हे तिथे दिसतं. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, लक्ष द्यायला हवं असेल तर पिवळा त्रिकोण. वनड्राइव्ह जोडलेलं नसेल तर विषाणू-संरक्षणाच्या त्याच खिडकीत पिवळा त्रिकोण उमटतो: खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला तर फायली परत मिळाव्यात म्हणून वनड्राइव्ह जोडा. सल्ला खोटा नाही. फायलींची दुसरी प्रत असायलाच हवी. पण ती पेन ड्राइव्हवर, बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या कुणाच्या साठवणीतही असू शकते, आणि त्रिकोण त्याबद्दल बोलत नाही. वनड्राइव्हमध्ये फुकटची जागा 5 जीबी. डेस्कटॉप आणि छायाचित्रांचं फोल्डर जोडलं की ती बघता बघता भरते. मग जागा भरल्याचा इशारा, आणि इशाऱ्याशेजारी वर्गणीचा दर. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर कधी पूर्ण पडदाभर पान येतं, तुमच्या संगणकाची मांडणी पूर्ण करू या, असं म्हणत. संगणक वर्षानुवर्षं नीट चालत असतो; अपुरं काही राहिलेलं नसतं. पुढे जायचं बटण ठळक असतं, आणि दुसरा पर्याय असतो तीन दिवसांनी आठवण करण्याचा. नको, कधीच नको, असं म्हणायला त्या पानावर जागाच नसते.

कृष्णाकाठच्या गावांत पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो. धरणातून पाणी सोडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी जनावरं हलवावीत. त्याच भोंग्यावरून, त्याच माणसाच्या आवाजात रोज साड्यांच्या सेलची दवंडी पिटली तर पहिल्या आठवड्यात लोक चिडतील, दुसऱ्या आठवड्यात ऐकणं सोडतील, आणि पाणी खरंच सुटेल त्या रात्री भोंगा वाजेल तेव्हा कूस बदलून झोपतील. नुकसान सेलच्या दवंडीने होत नाही, भोंग्याचं वजन गेल्याने होतं.

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. हुशार बाई, आयुष्यभर मुलांना नीट वाचायला शिकवलं, आणि फोनही ती तसाच वाचते: आलेलं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत. फोन कोणत्या कंपनीचा हे मी सांगत नाही. मध्यम किमतीचा, गावातल्या दुकानातून घेतलेला. त्यावर एके दिवशी सूचना आली की फोनमध्ये कचरा साठला आहे, आत्ता साफ करा. सूचना फोनच्याच, आधीपासून बसवलेल्या अ‍ॅपची होती. तिने साफ केलं. साफ झाल्याच्या पानावर खाली आणखी तशीच चौकट, तशाच रंगाची, तशाच अक्षराची. ती जाहिरात होती. तिने तीही वाचली आणि सांगितल्याप्रमाणे केलं. मग लॉक स्क्रीनवर न मागितलेली चित्रं यायला लागली, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या सूचना यायला लागल्या. मी विचारलं, “आत्या, हे तू कशाला घेतलंस?” ती म्हणाली, “अगं, मी कुठे घेतलं? फोनच म्हणाला.”

फोनच म्हणाला. यात तिची काही चूक मला दिसत नाही. तिने यंत्राचं ऐकलं, आणि यंत्राचं ऐकावं असंच आपण सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. पुढचं जे झालं ते जास्त वाईट. हा फोन खोटंही बोलतो हे कळल्यावर तिने त्याचं काहीच ऐकायचं नाही असं ठरवलं. पुढे कधीतरी मी तिच्याकडे गेले तेव्हा सुरक्षेचं अपडेट कित्येक महिने तसंच पडून होतं. त्याची सूचना रोज येत होती आणि ती रोज बाजूला सारत होती. त्याच फोनवर तिचं निवृत्तिवेतन जमा झाल्याचे संदेश येतात, त्याच फोनवरून ती विजेचं बिल भरते. खरा इशारा आणि विक्री यांच्यात फरक करायला तिच्याजवळ कोणतीही खूण उरली नव्हती, कारण खुणा दोन्हींच्या एकच होत्या. सायबर फसवणुकीपासून सावध राहा असं आपण ज्येष्ठांना कार्यक्रम घेऊन सांगतो, आणि ज्या वस्तूवर सावध राहायचं ती वस्तूच त्यांच्याशी फसवणुकीच्या भाषेत बोलते. मला याचा मनापासून राग येतो.

स्वस्त हवं असेल तर जाहिरात सोसावी लागणारच, असं म्हणणारे भेटतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. 2011 मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र अमेरिकेत दोन किमतींना विकायला काढलं. साधं 139 डॉलरला, आणि झोपलेल्या पडद्यावर जाहिराती दाखवणारं 114 ला. पुस्तकाच्या पानात जाहिरात नाही, पंचवीस डॉलर कमी, नंतर वाटलं तर पैसे भरून जाहिराती बंद करा. हा व्यवहार मला चोख वाटतो. किंमत दुकानातच कळते, जाहिरात कुठे दिसेल ते कळतं, बाहेर पडायचं दार कळतं. भारतात स्वस्त स्मार्टफोनची लाट आणणाऱ्या शाओमीने 2018 मध्ये हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी असंही सांगितलं की जाहिराती हा आपल्या इंटरनेट सेवांचा अविभाज्य भाग आहे आणि राहील. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की हिशेब कळतो. पण नाशिकच्या किंवा लातूरच्या दुकानात फोन घेणाऱ्याला ही दोन वाक्यं कुणी एकत्र वाचून दाखवत नाही. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, जाहिरातींचा उल्लेख नसतो. प्रणालीतल्या जाहिरातींसाठी शाओमीच्या फोनमध्ये एमएसए नावाची वेगळी सेवाच असते. तिची परवानगी काढून घ्यायला गेलं तर बटण दहा सेकंद दाबताच येत नाही. देण्याच्या वेळी असं थांबावं लागत नाही.

फुकटच्या, खुल्या प्रणालीतही हे घडून गेलं आहे, म्हणून पैशाचा प्रश्न एवढाच नसावा असं मला वाटतं. ऑक्टोबर 2012 मध्ये आलेल्या उबुंटू 12.10 मध्ये आपल्याच संगणकावरची फाइल शोधायला चार अक्षरं टाइप केली की ती अक्षरं उबुंटूमागच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जायची आणि फायलींच्या खाली अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी याला हेरगिरी म्हटलं. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचं उत्तर असं होतं, की तुमच्या यंत्राच्या मुळाशी आम्ही आधीच आहोत, तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलेलाच आहे. त्यांनी ते बचावासाठी सांगितलं, पण हा मुद्दा याहून नेमका कुणी मांडलेला मला माहीत नाही. ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत त्याने तर अधिक जपून वागायला हवं. वापरणाऱ्यांनी धोशा लावला, आणि एप्रिल 2016 च्या आवृत्तीत हा शोध मुळातच बंद ठेवलेला आला. इतर कंपन्यांच्या मानाने उबुंटूवाले लवकर शहाणे झाले, हे मान्य केलं पाहिजे.

किल्ल्यांचं काय होऊ शकतं हे लेनोव्होच्या लॅपटॉपवर दिसलं. 2014 च्या शेवटच्या महिन्यांत विकलेल्या काही यंत्रांवर सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्रॅम आधीच बसवलेला होता. सुरक्षित, कुलूपबंद पानांवरही जाहिराती टाकता याव्यात म्हणून त्याने यंत्रात स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घुसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती किल्ली शोधून काढणाऱ्या कुणालाही कॅफेतल्या वायफायवर बसून दुसऱ्याचा बँकेचा व्यवहार वाचता आला असता. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झालं, कंपनीने प्रोग्रॅम काढला, 2017 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली. तिथे कुणाला बँक लुटायची नव्हती. खरेदीच्या पानावर आणखी चार वस्तू दाखवायच्या होत्या, एवढ्यासाठी दाराची चौकट उखडली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या मांडण्या, रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. सतत टुमणं लावणं हा त्यांतला एक, जाहिरातीला दुसऱ्या मजकुराचा वेश देणं हा दुसरा. पिवळ्या त्रिकोणासारख्या खुणा आणि तीन दिवसांनी परत येणारं पान यांना ही व्याख्या लावून बघायला काही हरकत नसावी. पण आजवर लक्ष आहे ते ऑनलाइन दुकानांवर. जून 2025 मध्ये स्वतःची तपासणी करायला सांगितलं तेही ई-कॉमर्सवाल्यांना. फोन आणि संगणकाच्या प्रणालीकडे कुणी त्या नजरेने पाहिलेलं मला दिसलं नाही. खरं तर स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, आणि आधीपासून बसवलेली गूगलची अ‍ॅप काढून टाकण्याची मुभा वापरणाऱ्याला हवी असंही सांगितलं. म्हणजे प्रणालीच्या आत हात घालायची ताकद आपल्या संस्थांकडे आहे.

युरोपने तशी ताकद वापरली. तिथल्या डिजिटल बाजार कायद्याच्या अटी मार्च 2024 पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाल्या, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकता येऊ लागला. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी जाहीर केलं की तिथल्या लोकांनी स्वतःहून एज उघडल्याखेरीज तो मला मुख्य ब्राउझर करा म्हणून मागे लागणार नाही, आणि विंडोजचं दुकानही काढून टाकता येईल. हे बदल त्या क्षेत्रापुरतेच आहेत. संगणक कुठला हे प्रणाली कसं ओळखते? पहिल्यांदा मांडणी करताना देश कोणता निवडला त्यावरून. त्या यादीत जर्मनी निवडला की संगणक गप्प राहायला शिकतो. भारत निवडला की त्याच कारखान्यातला, तोच प्रोग्रॅम बसवलेला संगणक टुमणं लावतो. गप्प राहण्याचा प्रोग्रॅम लिहून तयार आहे आणि पुण्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विंडोज लॅपटॉपमध्ये तो आहेही. भारताचं नाव निवडल्यावर तो चालू का होत नाही, हा प्रश्न दिल्लीतल्या प्राधिकरणाने कंपनीला लेखी विचारावा, आणि उत्तर लोकांसमोर ठेवावं.